इतिहासाचा निबंध, जवळ आलेली मुदत आणि हातातला गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहास शिकवायला लागल्यापासून दर सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात मला एकाच धाटणीचे निरोप येतात. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची मुलं, एम.ए.ची मुलं, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून शिकणारे, आणि अलीकडे त्यांचे आईवडीलसुद्धा. निबंध द्यायचा आहे, विषय आवडीचा आहे, पण संध्याकाळ गेममध्ये जाते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निबंध लिहायला बसलो की दहा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. मी आळशी आहे का?

नाही. आळशी माणूस रात्री दोनपर्यंत जागून पब्जीतल्या एरँगलच्या नकाशातलं कुठलं घर कुठे आहे ते पाठ करत नाही. मेहनत तुमच्यात आहे, ती निबंधाकडे वळत नाही एवढंच.

गेम तुम्हाला पुढचं पाऊल सतत सांगत असतो. वर्तुळ आकसतंय, पळा. गोळ्या संपल्या, शोधा. निबंधाचा प्रश्न काय सांगतो? ‘मराठा सत्तेच्या उत्तरेतील विस्ताराची चिकित्सा करा.’ यात उठून पहिल्यांदा काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. पुढचं पाऊल दिसत नाही तेव्हा मन जिथे ते दिसतं तिकडे जातं. माझ्या पाहण्यात बहुतेकांची अडचण ही असते. म्हणून उपाय आधी निबंधात करायचा, गेमचं नंतर बघायचं. पहिलं पाऊल कसं ठरवायचं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. मग गेम पूर्ण उडवून टाकायचा का?

बहुतेकांना त्याची गरज नसते, आणि त्याचा उपयोगही होत नाही. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हा कितीतरी पालकांनी सुटकेचा नि:श्वास सोडला होता. माझ्याकडचे निबंध त्या सत्रातही उशिराच आले. मुलं दुसऱ्या गेमवर गेली होती. सोमवारी उडवलेला गेम गुरुवारी परत डाउनलोड होतो, वर ‘आपल्याला एवढंही जमत नाही’ ही बोचणी मागे राहते, आणि त्या बोचणीतून सुटायला माणूस पुन्हा खेळतो.

मुदतीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र गेम फोनमधून काढून ठेवायला माझी हरकत नाही. ते कायमचं नाही हे स्वतःला आधीच सांगा. अकाउंट जात नाही, रँकही तिथेच असते. ज्यांना खेळ पूर्ण थांबवावाच लागेल अशीही मुलं असतात, त्यांच्यासाठी प्रश्न ११ आणि १२ आहेत.

३. निबंधाला पंधरा दिवस आहेत. सुरुवात नेमकी कुठून करू?

एका कागदापासून. प्रस्तावनेपासून नको, ‘सगळं वाचून झाल्यावर’ही नको. एक साधन घ्या, एवढंसं, आणि त्यावर चार ओळी लिहा.

उदाहरण नेहमीच्याच विषयाचं घेते : पानिपतच्या पराभवाची कारणे. विषय ऐकूनच छाती दडपते, कारण त्यावर एवढं लिहिलं गेलं आहे. आपण त्यातलं एक पत्र घेऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत आणि त्यांत मराठा फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेलीही आहेत. रसद पाठवा, पैसा पाठवा, हा तगादा त्यांत आहे. खंड ग्रंथालयात मिळतो, स्कॅन केलेला नेटवरही आहे. एकच पत्र उघडा आणि वहीत लिहा : कोणी लिहिलं, कोणाला, कधी, काय मागितलं. अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणजे एका मॅचएवढं. पहिल्या दिवशी एवढंच करा आणि उठा.

दुसऱ्या दिवशी त्या पत्राच्या मागेपुढे काय घडलं ते एका कोऱ्या कागदावर तारखांच्या क्रमाने मांडा. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, धान्य आणि पैसा हाती आला. त्याच महिन्यात अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीकडचा रस्ता त्याच्या ताब्यात गेला. डिसेंबरमध्ये अब्दालीची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. चार नोंदी झाल्या. आता त्या कागदाकडे नुसतं बघत बसा.

बघता बघता एक वाक्य सुचतं. समजा, तुम्हाला वाटलं की मराठे रणांगणावर हरण्याआधी रसदीत हरले होते. हे वाक्य म्हणजे तुमचा निबंध. ते बरोबरच असलं पाहिजे असं नाही, पण त्यावर कोणीतरी वाद घालू शकलं पाहिजे. ‘पानिपतच्या पराभवाची अनेक कारणे होती’ या वाक्याशी कोण वाद घालणार? म्हणून त्यावर निबंध उभा राहत नाही.

मग पुढच्या प्रत्येक दिवसाला काम आपोआप मिळतं. तिसऱ्या दिवशी तुमच्या वाक्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा शोधायचा. लढाईच्या दिवशी दुपारपर्यंत मराठ्यांकडच्या गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, तोफा आणि पलटणी जोरात होत्या, मग उपाशी फौज एवढी लढली कशी? चौथ्या दिवशी साक्षीदार तपासायचे. काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, त्याने समोरच्या बाजूने पाहिलं. नाना फडणवीस तिथून जीव वाचवून आले आणि पुढे आत्मवृत्तात त्याबद्दल लिहिलं. बखरकार काय म्हणतो ते वेगळं. तिघांत रसदीबद्दल कोण काय सांगतो? एवढं झालं की दहाव्या दिवसापर्यंत मधले परिच्छेद तयार होतात. प्रस्तावना शेवटून दुसऱ्या दिवशी लिहा, कारण कशाची प्रस्तावना करायची हे तोपर्यंत कळलेलं असतं. शेवटचा दिवस फक्त संदर्भ आणि शुद्धलेखन यांना ठेवा.

विषय दुसरा असला तरी रीत हीच : एक कागद, त्याच्या मागेपुढच्या चार तारखा, एक वादग्रस्त वाक्य, विरुद्ध पुरावा.

४. माझं वाचनच संपत नाही. अर्धवट वाचून लिहायला कसं बसू?

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे वही घेऊन आली. त्रेचाळीस पानं टिपणं होती, दोन रंगांच्या शाईत, समासात पानांचे आकडे. निबंधाची एकही ओळ नव्हती, आणि मुदत तीन दिवसांवर. तिला गेमचं वेड होतं असंही नाही. टिपणं काढून काढून थकली की ती खेळत होती.

मी तिला वही मिटायला लावली आणि विचारलं, ‘यातलं काय तुझ्या लक्षात राहिलं आहे ते सांग.’ ती दहा मिनिटं बोलली. मी म्हटलं, हेच लिही. जे वही मिटल्यावरही लक्षात राहतं, त्यालाच निबंधात जागा असते. बाकीचं पुराव्यापुरतं लागतं, ते शोधायला वही आहेच.

वाचनाला हद्द घाला : दोन ग्रंथ, एक लेख, एक मूळ साधन. पदवीच्या निबंधाला एवढं पुरतं. वाचन वाढवत नेणं हीसुद्धा लिहिणं टाळण्याचीच एक तऱ्हा असते, फक्त ती अभ्यासासारखी दिसते म्हणून आपल्याला अपराधी वाटत नाही.

५. ‘एकच मॅच’ म्हणून बसतो आणि रात्रीचे दोन वाजतात. हे कसं थांबवू?

‘एक मॅच’ हे वेळेचं मापच नाही. शेवटपर्यंत टिकलात तर मोठ्या नकाशावरची मॅच अर्धा तास खाते, उतरल्या उतरल्या मेलात तर पाच मिनिटांत संपते. लवकर मेलात तर ‘ही धरायची नाही’ म्हणून दुसरी, जिंकलात तर ‘हात चांगला बसलाय’ म्हणून दुसरी. म्हणून घड्याळाने ठरवा. आणि ते स्वतःपुरतं ठेवू नका, लॉबीत शिरतानाच स्क्वॉडला सांगा, ‘साडेदहाला मी निघणार.’ मधेच सोडून गेलं तर बाकी तिघांचा डाव बिघडतो ही भीती खरी असते. आधी सांगितलं की ते चौथा गडी शोधून ठेवतात.

फोन रात्री चार्जिंगला कुठे असतो? उशाशी असेल तर दुसऱ्या खोलीत, स्वयंपाकघरात, कुठेही लावा, गजरासाठी साधं घड्याळ आणा. एवढ्या एका बदलाने झोप सुधारलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि झोप झालेल्या डोक्याला सकाळी सात वाजता परिच्छेद सुचतो.

सीझन संपण्याची तारीख गेममध्ये दिसते. ती निबंधाच्या तारखेबरोबर एकाच कॅलेंडरवर लिहा. दोन्ही एकाच आठवड्यात येत असतील तर रँक वर नेण्याचं काम आधीच्या आठवड्यात उरका किंवा या सीझनला सोडून द्या. नवा सीझन सुरू झाला की रँक तशीही खाली येते.

बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतासाठीचा अवतार, बंदीनंतर मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा घातलेली होती. ‘सहा तास चालतात’ असं मला ऐकवणाऱ्यांना एवढंच सांगते : तुमचं वेळापत्रक कंपनीने ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं.

६. निबंध टाइप करायचा लॅपटॉप आणि गेमचा लॅपटॉप एकच आहे. संदर्भांसाठी नेटही लागतं. काय करू?

कच्चा खर्डा हाताने लिहा. तुम्हाला हे जुनाट वाटेल, पण कागदावर दुसरी खिडकी उघडत नाही. टाइप करायच्या वेळी लॅपटॉपवर अभ्यासासाठी वेगळं युजर अकाउंट करा, त्यात गेमचा शॉर्टकट ठेवू नका. लागणारे स्कॅन आणि लेख आदल्या दिवशी एका बैठकीत उतरवून एका फोल्डरमध्ये घाला आणि लिहिताना वायफाय बंद ठेवा. लिहिता लिहिता तारीख अडली तर तिथे फुली मारून पुढे जा. एक तारीख शोधायला म्हणून नेट उघडलं की तास जातो, हे तुम्हीच मला लिहून पाठवता.

पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसा. १९१० पासून तिथे लोक हेच काम करत आले आहेत. तिथल्या टेबलाशी मान खाली घालून मोडी वाचणारा एखादा म्हातारा माणूस शेजारी असला की आपलाही फोन खिशात राहतो. मुंबईत एशियाटिक आहे, बाकी गावांत जिल्हा ग्रंथालय.

७. उद्या सकाळी अकराला द्यायचा आहे आणि एकही ओळ लिहिलेली नाही. आता?

हे वाचत असाल तर वाचून झाल्यावर फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या, सकाळपर्यंत मागायचा नाही. होस्टेलवर असाल तर शेजारच्या खोलीत.

पहिला अर्धा तास कुठलंही पुस्तक न उघडता विषयाबद्दल जे माहीत आहे ते भराभरा लिहा, वाक्यं तुटकी असली तरी चालतील. त्यातून एक म्हणणं उचला (कसं, ते प्रश्न ३ मध्ये आहे). मग चार परिच्छेद. प्रत्येकात एक मुद्दा, त्याला एक पुरावा, आणि तो पुरावा मुद्द्याला कसा लागू होतो याची दोन वाक्यं. हे तिसरं नेहमी राहून जातं आणि गुण तिथेच जातात. एका परिच्छेदाला चाळीस मिनिटं धरा. घड्याळ संपलं की अर्धा असला तरी पुढच्यावर जा.

मधे ‘डोकं ताजं करायला’ खेळू नका, गच्चीवर फेरी मारा, चहा करा. दीड वाजता झोपा. सहाला उठून प्रस्तावना आणि समारोप लिहा, संदर्भ जोडा. असा निबंध उत्तम होत नाही, पण तो सादर होतो. न दिलेल्या निबंधाला शून्य मिळतं आणि एटीकेटीचं ओझं पुढच्या सत्रावर जातं, तेव्हा मध्यम निबंध द्यायला लाजू नका.

८. मुदतवाढ मागितली तर सर चिडतील. कशी मागू? आणि गेममुळे उशीर झाला हे सांगू का?

मुदत संपायच्या आधी मागा. नंतर मागितलेली मुदतवाढ ही माफी असते, तिला उत्तर देणं शिक्षकालाही अवघड जातं. निरोप छोटा ठेवा, झालेलं काम सोबत जोडा आणि नवी तारीख तुम्हीच द्या. उदाहरणार्थ :

‘नमस्कार सर. पानिपतच्या निबंधाचे दोन परिच्छेद आणि साधनांची यादी सोबत जोडली आहे. वेळेचं नियोजन माझ्याकडून चुकलं. शुक्रवारी १४ तारखेला पूर्ण होणार नाही. सोमवारी १७ तारखेला सकाळी दिला तर चालेल का? नियमानुसार गुण कमी होणार असतील तर ते मला मान्य आहे.’

‘वेळेचं नियोजन चुकलं’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. गेमचा तपशील सांगायची गरज नाही, मात्र सरांनी विचारलं तर लपवू नका. आजारपणाची खोटी कारणं देऊ नका, घरच्या माणसांच्या तर मुळीच नको. एकदा खोटं कारण चालून गेलं की पुढच्या खेपेला खरोखर ताप आला तरी ते सांगताना जीभ अडखळते.

काही विभागांत अंतर्गत गुण ठरावीक दिवशी परीक्षा विभागाकडे जातात आणि त्यानंतर शिक्षकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून ती तारीख सत्राच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

९. इतिहासाची गोडी मला गेममुळेच लागली. निबंधात गेमचा दाखला देता येईल का? गेमवरच निबंध लिहिला तर?

हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. घोडदळ म्हणजे काय, किल्ला वेढायला किती लागतं, हे गेममधून पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभं राहिलं असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही.

पण दाखला देताना एक फरक सांभाळा. १७०० साली काय घडलं याचा पुरावा म्हणून गेम चालत नाही. २००९ साली गेम बनवणाऱ्यांनी १७०० साल कसं रंगवलं याचा पुरावा म्हणून तो उत्तम आहे. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा गेम २००९ चा, तो १७०० पासून सुरू होतो आणि त्यात ‘मराठा कॉन्फेडरसी’ म्हणून खेळता येतं. आता खरं १७०० साल बघा. जिंजी दोन वर्षांपूर्वी पडलेली. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला मोगलांनी घेतला. शाहू औरंगजेबाच्या छावणीत कैदेत, आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतलेला. शिंदे, होळकर, गायकवाड या सरदार घराण्यांचा तो ‘संघ’ नंतर, पेशव्यांच्या काळात उभा राहिला. म्हणजे गेमने पुढची रचना मागे नेऊन चिकटवली. ती का चिकटवली असेल? खेळणाऱ्याला एक रंग, एक झेंडा, एक राजधानी लागते. औरंगजेब दख्खनभर फिरत असताना राजधानी म्हणजे नेमकं काय, हे गेमच्या नकाशाला दाखवता येत नाही. यावर पंधराशे शब्द लिहा. मी असा निबंध आवडीने वाचेन.

‘एज ऑफ एम्पायर्स २’चंही तसंच. १९९९ च्या त्या गेममध्ये पुढे ‘इंडियन्स’ अशी एकच सभ्यता आली, आणि २०२२ मध्ये तिच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड, गुर्जर अशा चार आल्या. मध्ययुगीन भारत म्हणजे एक की अनेक, हा इतिहासकारांचा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनाही सोडवावा लागला.

विषयाला आधी मार्गदर्शकाची लेखी संमती घ्या. आणि ‘संशोधनासाठी खेळतोय’ ही सबब होऊ देऊ नका : खेळताना शेजारी वही हवी, आणि दर अर्ध्या तासाला तिच्यात काहीतरी उतरलेलं हवं.

१०. वेळ नाही म्हणून एआयकडून निबंध लिहून घेतला तर काय होईल?

इतिहासात तो लवकर पकडला जातो. कारण संदर्भ. एका निबंधात मला एका पत्रसंग्रहाचा खंड आणि पान दिलेलं होतं, मी ते पान उघडलं, तिथे दुसऱ्याच कुणाचं पत्र. विद्यार्थ्याला बोलावून विचारलं तर त्याने तो खंड पाहिलेलाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरची शरम मला अजून आठवते. त्याला उशिराबद्दल जेवढं बोलून घ्यावं लागलं असतं, त्यापेक्षा ती कितीतरी जड होती.

वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द होते. वर्गातल्या निबंधाला तुमच्या विभागाचा नियम लागू असतो, तो विचारा. लिहून झालेल्या तुमच्या परिच्छेदातलं शुद्धलेखन तपासून घेणं चालत असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. म्हणणं आणि पुरावा मात्र तुमचाच हवा.

११. हे व्यसन आहे की नुसती सवय, कसं ओळखू?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी पाहतात : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ वरचढ होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं. हे सगळं आयुष्याला ठळकपणे बाधा आणणारं आणि साधारण बारा महिने टिकलेलं असावं लागतं. एका सत्रात दोन निबंध उशिरा गेले म्हणजे हा आजार झाला असं नाही.

पण जेवणं चुकत असतील, आंघोळ राहत असेल, आवडीचे तासही बुडत असतील, मित्र तुटले असतील, तर स्वतःचं निदान करत बसू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठीच ‘शट’ क्लिनिक चालतं. कधी खेळ हा वरचा थर असतो, खाली उदासी असते किंवा घरातलं काही असतं. ते निबंधाच्या वेळापत्रकाने सुटत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. आणि अशा वेळी वैद्यकीय कारणाने मुदतवाढ मागणं हा तुमचा हक्क आहे.

१२. मी पैसे लावून खेळायचो. आता उधारी झाली आहे आणि अभ्यासात लक्षच लागत नाही.

हा प्रश्न निबंधाचा नाही, म्हणून आधी निबंध बाजूला ठेवा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. असे खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं हा गुन्हा ठरला, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तेव्हा सांगायला घाबरू नका. गेलेले पैसे परत मिळवायला आडवाटेच्या ॲपवर जाऊ नका. उधारीचा आकडा एका कागदावर लिहा आणि आज घरातल्या एका मोठ्या माणसाला तो दाखवा. आकडा लपलेला असतो तोवर तो झोपू देत नाही. नंतर प्रश्न ११ मधला नंबर लावा.

१३. नोकरी करून इग्नूतून एम.ए. करतोय. रात्री दहाला घरी येतो, गेम हीच एक करमणूक आहे. तीही सोडू?

सोडू नका. दिवसभर राबलेल्या माणसाला अर्धा तास स्वतःचा हवा. पण त्या वेळी निबंधही रेटू नका, तो सकाळी. इग्नूच्या असाइनमेंटला बहुतेक अभ्यासक्रमांत तीस टक्के भार असतो आणि त्या हाताने लिहायच्या असतात, म्हणजे पडद्यापासून सुटका आयतीच आहे. कामाला निघण्यापूर्वी चाळीस मिनिटं, एक उपप्रश्न. लोकलमध्ये किंवा बसमध्ये वाचन. रविवार मोकळा ठेवा. मुदत पुढे ढकलली जाते असा अनेकांचा अनुभव असला तरी त्या भरवशावर बसू नका.

१४. आमचा मुलगा इतिहास घेऊन शिकतोय, पण सारखा गेम खेळतो. फोन काढून घेऊ का?

विसाव्या वर्षी हिसकावून घेतलेला फोन मित्राच्या खोलीत सापडतो. शिवाय नोट्स, वर्गाचा ग्रुप, परीक्षेचा फॉर्म, सगळं त्याच फोनवर असतं.

त्याऐवजी जेवताना त्याला निबंधाचा विषय विचारा, आणि ‘झाला का?’ एवढंच विचारू नका. माझ्या एका विद्यार्थ्याची आई शेतात राबणारी, दहावीच्या पुढे शिकलेली नाही. तो पानिपतच्या निबंधावर दहा दिवस अडला होता. एका रात्री भाकरी थापता थापता तिने विचारलं, काय लिहायचंय रे एवढं? त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली : फौज उपाशी, बायकामुलं आणि यात्रेकरू बरोबर, समोर अब्दाली. ती म्हणाली, ‘मग भाऊ माघारी का नाही फिरले?’

त्याने ते कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. ताटावरून उठून त्याने नकाशा काढला, बागपत शोधलं, आणि दिल्लीचा रस्ता कुणाच्या हातात होता ते तिला बोटाने दाखवलं. तिने पुन्हा विचारलं, नदी उतरू कशी दिली मग? ते त्याला सांगता येईना. सकाळी सहाला त्याने मला मेसेज केला : यमुनेच्या उतारावर पहारा कोणाचा होता, हे कुठे सापडेल?

निबंध दोन दिवस उशिरा आला. पहिल्या ओळीत त्याच्या आईचा प्रश्न होता.